डबा उठला

आमच्या घरात नेटवर्क स्टोरेजला डबा म्हणतात. नाव बायकोने ठेवलं. मी आणलेल्या वस्तूंची नावं ती अशीच ठेवते, म्हणजे वस्तूची लायकी तिथल्या तिथे ठरून जाते. दोन हार्डडिस्क मावतील एवढा काळा डबा. त्यात लग्नापासूनचे फोटो, मुलीचे शाळेतले निकाल, घराचे कागद आणि माझ्या वडिलांच्या वह्यांची एकेक करून स्कॅन केलेली पानं. असा एक डबा बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये होता. दुसरा सासूबाईंच्या घरी, दातिवऱ्याला.

दुसरा कशाला, हे मी घरात दहा वेळा समजावून सांगितलं. एका घराला आग लागली, पाणी शिरलं, तर दुसऱ्या घरातली नक्कल वाचावी. नक्कल त्याच घरात ठेवणं म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगणं. हे पटायला अवघड नाही, पण बायकोचं म्हणणं, आपल्या घरात असं काय आहे की जे दोनदा असावं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी डबा घेतला आणि दातिवऱ्याला नेऊन बसवला.

मी तीस वर्षं इथल्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. तापमान, दाब, टाकीतली पातळी दाखवणारी यंत्रं खरं दाखवतात की नाही ते बघायचं, एवढंच काम. निवृत्त झालो तरी जित्याची खोड जाते कुठे. फ्लॅटमधली पाण्याची टाकी, गॅस, दिवे, पंखे सगळं एका छोट्या कॉम्प्युटरला जोडून टाकलं. मोबाइलवर एक पान उघडलं की घराची तब्येत दिसते. त्या पानाच्या तळाला दोन ओळी होत्या: बोईसर डबा आणि दातिवरे डबा. पुढे आकडा. त्याला अपटाइम म्हणतात. डबा एकदाही न थांबता किती वेळ चालू आहे, ते. बोईसरच्या डब्याने तेव्हा दोनशे दिवस ओलांडले होते. मी तो आकडा रोज बघायचो. लोक शेअर बाजार बघतात, मी हे बघायचो.

दातिवऱ्याचा आकडा मात्र सतरा तासांच्या वर कधी गेलाच नाही.

कारण सासूबाई. सासरे जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून त्या एकट्याच राहतात. कौलारू घर, समुद्राकडे पडवी, मागे न्हाणी, अंगणात बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या. कितीही सांगा, घर सोडून यायचं नाही. मी सांगलीकडचा, म्हणून त्या गावात पस्तीस वर्षांनंतरही घाटी जावई. माझं ऐकण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्या आळीत फार पूर्वी एक घर वायर जळून पेटलं होतं, आतल्या जाळ्यांसकट. तेव्हापासून त्यांचा नेम, रात्री साडेआठला जेवण उरकलं की घराचा मेन खाली. पहाटे उठलं की मेन वर. मग पंखा बंद राहो की फ्रिज. "रातचं कोण बघतंय वायरीकडं," त्या म्हणायच्या.

डबा बसवला त्या दिवशी त्या शेजारी पाटावर बसून बघत होत्या.

"यानं काय होतं?"

"आई, हा किती वेळ जागा आहे ते मला बोईसरला बसून कळतं."

"निजत नाय?"

"नाही. निजला तर बिघडला म्हणायचं."

त्यांना हसू आलं. "जो निजत नाय तो उठला कवा, ते कसं कलंल?"

मला तो विनोद वाटला. परत आल्यावर मी तो दोघातिघांना सांगितलासुद्धा.

मेन खाली गेला की सिमवर चालणारा राउटर जायचा, डबा जायचा आणि माझ्या मोबाइलवर निरोप यायचा: दातिवरे डबा बंद. पहाटे: दातिवरे डबा चालू. रोज दोनदा. असा झटका बसून बंद होणं डिस्कला चांगलं नसतं. एके दिवशी ती बसणार, हे मी सासूबाईंना फोनवर तीन वेळा सांगितलं. त्यांनी तीन वेळा ऐकून घेतलं आणि मेन खाली करत राहिल्या.

पहाटेचा निरोप बायकोच्या कानावर पडायला लागला. मोबाइल स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार्जिंगला असायचा. टिंग वाजलं की ती चहाच्या भांड्यात साखर टाकता टाकता म्हणायची, "आई उठली." प्रश्न नव्हे, नोंद. कधी पाच पाचला, कधी पाच वीसला. वाळवायला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, आला असला की सव्वाचारलासुद्धा. एकदा साडेसहा झाले तरी निरोप आला नाही तेव्हा ती ओट्यापाशी उभीच राहिली. पावणेसातला टिंग वाजलं. तिने फोन लावला तर सासूबाई म्हणाल्या, "काल लगनाला गेलती, झोप लागली. तुला कसं कललं?" बायको म्हणाली, "डब्याने सांगितलं." त्या दिवसापासून घरात म्हणायची पद्धतच पडली. मी म्हणायचो डबा उठला, ती म्हणायची आई उठली. दोघांना एकच अर्थ लागायचा, पण मला त्यातला अर्धाच लागत होता, हे पुढे कळलं.

कारण मी तो बिघाड दुरुस्त केला.

इन्व्हर्टर नेला. सासूबाईंना सांगितलं, पावसाळ्यात वीज गेली तर पंखा चालेल. खरं कारण डबा होता. डबा आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकले. त्यांनी मेन खाली करावा, डबा चालूच. त्यांची कुरकुर झाली, "रातभर कुंथतं ते, आणि लाल डोला उघडा ठेवतं," पण जावयाने आणलेली वस्तू म्हणून राहू दिली. आकडा एक दिवसाचा झाला, आठ दिवसांचा झाला, वीस. पानावर दोन्ही ओळी हिरव्या. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. बिघडलेलं यंत्र सुरळीत केल्यावर वाटतं तेवढं.

आठवड्याभरात बायको म्हणाली, "आता आई कधी उठते ते कळत नाही."

"मग फोन करत जा."

तिने केला चार दिवस. सकाळी सकाळी फोन केला की सासूबाई विचारायच्या काय झालं. काही नाही म्हटलं की म्हणायच्या, "मग कशाला केला? मेले नाय अजून." पाचव्या दिवशी बायकोने फोन केला नाही. नुसतं उठलीस का विचारायला फोन करता येत नाही, त्याला काहीतरी निमित्त लागतं. ते निमित्त आधी डबा पुरवत होता.

त्रेचाळीसाव्या दिवशी सकाळी दहाला शेजारणीचा फोन आला. शेजारीण म्हणजे सासूबाईंच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, मासे विकायला जाणारी बाई. त्या दिवशी ती बाजारला गेली नव्हती म्हणून घरी होती.

"भावजी, लवकर या. काकी पडली हाय. मागं न्हाणीजवल."

दार लावलेलं, अंगण न झाडलेलं बघून ती मागे गेली होती. सासूबाई शुद्धीवर होत्या. उठता येत नव्हतं. साडीचा पदर ओला होऊन पुन्हा वाळला होता.

गाडी काढली. पालघर मागे टाकलं, सफाळे आलं. बायको म्हणाली, "किती वाजता पडली असेल?"

मला माहीत नव्हतं.

"मेन वर केला होता का तिने? पडायच्या आधी?"

तेही माहीत नव्हतं. सफाळ्याला रेल्वेचं फाटक लागलं म्हणून थांबलो तेव्हा सवयीने मोबाइल बघितला. दातिवरे डबा, त्रेचाळीस दिवस दोन तास. हिरवा. मी पान बंद केलं. जन्मभर यंत्रांना खरं बोलायला लावणारा माणूस मी, आणि जे खरं बोलत होतं त्यालाच मी बिघाड म्हणालो. लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. पालघरला ऑपरेशन झालं. मग सासूबाई अडीच महिने आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर. त्यांना फ्लॅट आवडला नाही. खिडकीतून समोरची इमारत आणि तिच्या खिडकीतून आमची. वॉकर धरून चालायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते रात्री सगळी बटणं बंद करत हिंडायचं. पाण्याच्या टाकीचं, दिव्यांचं, त्या छोट्या कॉम्प्युटरचं. मी सकाळी ती परत चालू करायचो. फक्त बोईसरच्या डब्याच्या बटणावर पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं: याला हात लावू नये. तो साडेतीनशेवर पोचला होता. त्यांनी ती पट्टी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या बटणाकडे गेल्या.

अडीच महिन्यांनी त्या हटून परत गेल्या. सोडायला गेलो तेव्हा मी डब्याची पिन इन्व्हर्टरमधून काढली आणि भिंतीतल्या साध्या सॉकेटला लावली. आणि सांगितलं, "आई, रात्री मेन खाली करा, पहाटे वर करा. तुम्ही उठलात ते त्यावरून आम्हाला कळतं."

"म्हंजे माझ्यावर पहारा."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, समजूतदारपणे म्हणाल्या.

पुढे तीनेक महिने ठीक चाललं. टिंग वाजायचं, बायको म्हणायची आई उठली. वेळा इकडेतिकडे, पाच दहा, पाच तीस, पावणेसहा. ऑपरेशननंतर उठायला उशीर व्हायचाच. मग एका महिन्यात वेळ एकदम सुधारली. पाच. पाच. पाच वाजून एक मिनिट. पाच. बायको खूश झाली, "बघा, पाय बरा झाला." मी हो म्हणालो, पण मला ते आकडे बघवेनात.

कंपनीत दर तासाला ऑपरेटरने यंत्रापाशी जाऊन रीडिंग लिहायचं असतं. नवीन होतो तेव्हा एका पाळीच्या वहीत मी आठ तास एकच तापमान बघितलं, बहात्तर, बहात्तर, बहात्तर. विचारलं तर ऑपरेटर म्हणाला, "साहब, सब नॉर्मल है." तो खुर्चीतून उठलाच नव्हता. तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. खरं रीडिंग थोडं हलतं. सरळ रेघ दिसली की समजायचं, माणूस जागेवर नाही.

मी तीन आठवड्यांच्या वेळा कागदावर उतरवल्या. सगळे दिवस पाच. सोमवार मात्र साडेसहा. तिन्ही सोमवार. म्हातारी वार बघून उठणारी बाई नव्हे. सोमवार बघून कोण उशिरा उठतं? सोमवारी लोक मासे खात नाहीत. सोमवारी मासळीवाली बाजारला जात नाही. एरवी ती पहाटेची सफाळ्याची एसटी पकडते, आणि एसटी वेळेवर असते.

गुरुवारी मी बायकोला म्हणालो, डिस्क तपासून येतो, आणि एकटाच गेलो. अकरा वाजता पोचलो. शेजारणीच्या दाराला कुलूप, सासूबाईंचं दार नुसतं ओढून घेतलेलं. त्या आतल्या खोलीत खाटेवर होत्या. उशाशी थर्मास, बिस्किटं, पाण्याची कळशी. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. मला बघून त्यांनी आधी पदर सारखा केला.

"डबा बंद पडला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. चालू आहे."

"मग?"

मी खाटेपाशी स्टूल घेऊन बसलो. हळूहळू सगळं बाहेर आलं. महिना होत आला होता. कोणी हात दिल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. शेजारीण पहाटे पाचला यायची, त्यांना न्हाणीपर्यंत नेऊन आणायची, चहा थर्मासात भरून ठेवायची आणि टोपली उचलून एसटी गाठायची. दुपारी बाराला परत आली की जेवण द्यायची. रात्री मेन खाली करून जायची.

"मीच सांगितलं तिला," सासूबाई म्हणाल्या. "पैलं बटन चढव, मग माझ्याकं बघ. पोरगी वाट बघत असंल."

 मी उठून चहा केला. घरात साखर कुठे असते ते मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा शोधावं लागलं. कप हातात दिल्यावर त्या म्हणाल्या, "तिला सांगू नका. ती मला परत तुमच्या त्या तिसऱ्या माळ्यावर नेईल. तुमचं घरपन डबाच हाय, जावय. मला नाय तिथं जमत. इथं दर्या तरी ऐकू येतो."

मी हो म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही. मान हलवली. मान कशीही वाचता येते. शेजारीण परत येईपर्यंत थांबलो. तिला मी आभाराचं काहीतरी बोलायला लागलो तर ती म्हणाली, "माझं काय, भावजी, एक बटन तर चढवते."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "डिस्क ठीक आहे?"

"आहे."

"आणि आई?"

"पडून होती. मी चहा करून दिला."

तिला एवढ्याचं कौतुक वाटलं. संध्याकाळी तिने मुलीला फोनवर सांगितलं की तुझ्या बाबांनी आजीला चहा करून दिला. मी दुसऱ्या खोलीत बसून ऐकलं. आता लॉगबुक खुर्चीतून मी भरत होतो.

शुक्रवारी पहाटे पाचला टिंग वाजलं. ती ओट्यापाशी होती, हातात साखरेचा डबा.

"आई उठली," ती म्हणाली.

"शेजारीण उठली," मी म्हणालो.

तिने वळून बघितलं. मग मी सगळं सांगितलं. एसटी, सोमवार, सुजलेला पाय, थर्मास, पैलं बटन चढव. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. महिनाभर आम्ही जे वाचत होतो ते सांगायला एवढाच वेळ पुरला.

"पाच ते बारा?" तिने विचारलं.

"हो."

"एकटी?"

"एकटी."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ते सोपं गेलं असतं. तिने गॅस बंद केला आणि माळ्यावरची पिशवी काढली. "तिला आणूया," मी म्हणालो. "ती येणार नाही," ती म्हणाली, "आणि आली तर मरेल. मी जाते." किती दिवस, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पिशवीत तिने पाच साड्या ठेवल्या, मग उघडून आणखी चार. त्यावरून मला अंदाज आला. तिला दातिवऱ्याला सोडलं, डॉक्टरांची वेळ घेतली, औषधं पोचवली, जे करायचं ते केलं. फ्लॅटवर आलो तेव्हा साखरेचा डबा ओट्यावर तसाच उघडा होता.

शनिवारी निरोप आला पाच चाळीसला. रविवारी सहा दहाला. सोमवारी पाच पाचला. आकडे पुन्हा हलायला लागले होते. मी ते बघायचो आणि चहा ठेवायचो. दोन कप पाणी घालायची सवय मोडायला आठवडा गेला.

दहाव्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन आला. सासूबाईंच्या पायाची सूज उतरतेय, शेजारीण दुपारी येऊन बसते, बोंबील वाळत घातलेत, असं सगळं सांगून झाल्यावर ती थांबली.

"तुम्ही उठलात का?"

"केव्हाच."

"मला कसं कळणार?" ती म्हणाली. "तुमचा डबा तर निजतच नाही."

मागून सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. दोघींनी मिळून ठरवून विचारलं होतं की तिला आपलं आपण सुचलं होतं, मला सांगता येणार नाही. पान उघडून बघितलं. बोईसर डबा, पाचशे एकोणचाळीस दिवस, हिरवा. माझ्यासाठी त्या आकड्याचा अर्थ एवढाच होता की इतके दिवस कोणी त्याला हात लावला नाही.

तिच्या मोबाइलवर ते पान टाकून द्यायला मला फोनवरून अर्धा तास लागला. साडेआठला जेवण उरकल्यावर मी डब्याजवळ गेलो, बटणावरची पट्टी नखाने खरवडून काढली आणि बटण बंद केलं. सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी परत चालू केलं. आकडा शून्यावर आला. चहाचं पाणी उकळायच्या आत दातिवऱ्याहून मेसेज आला, एकच शब्द.

कळलं.